वाळीत टाकलंय, फ्लॅट नाकारलाय, नोकरी जातेय... तक्रार नेमकी कुठे करायची?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये एक वाक्य आहेच, ताई अन्याय झालाय हे कळतंय पण जायचं कुठे तेच कळत नाही. खरंय, कारण आपल्याकडे भेदभावाची तक्रार घेणारं एकच एक ऑफिस नाहीये, प्रत्येक गोष्टीला वेगळं दार आहे. चुकीच्या दारात उभं राहिलात की सहा महिने तिथेच जातात. चार पत्रं घेतलीयेत, सगळ्यांनी नाव न छापायची विनंती केलीय.

ताई नमस्कार. आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. भावाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न केलं म्हणून दीड वर्षापूर्वी गावकीने मिटींग घेऊन आम्हाला वाळीत टाकलं. गावातला दुकानदार किराणा देत नाही, शिमग्याला पालखी आमच्या दारात आली नाही, आमच्याशी बोलेल त्याला पाच हजार दंड. मागच्या महिन्यात आजी वारली तर खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे बोलवावे लागले. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले गावातलं आहे, तंटामुक्तीत बसून मिटवा. तिथे गावकीचीच माणसं बसलेली. किती वर्षं लढायचं आम्ही?

दादा, आजीचं वाचून मला दुसऱ्या पत्राकडे वळताच येईना. गावातल्या माणसाला आपल्या माणसाच्या तिरडीला चार खांदे गावातून मिळू नयेत, यापेक्षा मोठी शिक्षा दुसरी नाही, आणि ही शिक्षा द्यायचा अधिकार गावकीला कोणी दिलेला नाही.

आधी कायद्याचं सांगते, कारण तुम्हाला पोलीस स्टेशनमधून परत पाठवलं ते चूक होतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा वेगळा कायदा आहे, २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि राष्ट्रपतींची सही होऊन जुलै २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. जुन्या मुंबई राज्यात १९४९ साली असाच एक कायदा झाला होता पण तो सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये रद्द केला, त्यानंतर इतकी वर्षं वाळीत टाकलेल्या माणसाकडे हातात धरायला नीट काही नव्हतं. जात पंचायतींच्या विरोधात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन जे काम केलं, कोकणातल्या कितीतरी कुटुंबांनी तोंड उघडलं, त्यातून हा कायदा आलाय.

तुम्ही लिहिलेलं जवळपास सगळं त्यात बसतं. किराणा न देणं, बोलणं तोडायला लावणं, सणाला किंवा अंत्यविधीला आडकाठी करणं, देवळात, समाजमंदिरात, स्मशानात अडवणं हे सगळं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कोर्टाने ठरवलं तर दंडाची रक्कम पीडित कुटुंबाला मिळू शकते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो, गावात मिटवा म्हणायची सोय नाही. आणि अजून एक, मिटींगला बसून ज्यांनी वाळीत टाकायला होकार भरला किंवा त्या चर्चेत भाग घेतला तेही कायद्याने जबाबदार, फक्त पुढारी नाही. हे गावात नुसतं कळलं तरी बरीच माणसं मागे सरकतात असं मी पाहिलंय, कारण निम्म्या लोकांना हे मनापासून नकोच असतं, फक्त पाच हजाराची भीती असते.

आता करायचं काय. एक वही घ्या. कोणत्या तारखेला कोणत्या दुकानात गेलात, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, तेव्हा तिथे कोण होतं, सगळं लिहून काढा, जुनं आठवेल तसं आणि नवीन रोजच्या रोज. व्हॉट्सॲप ग्रुपवर बहिष्काराबद्दल काही आलं असेल किंवा तुम्हाला ग्रुपमधून काढलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, पण स्क्रीनशॉटवर भागत नाही, मूळ फोन जपा, तो विकू नका, फॉरमॅट मारू नका, कोर्टात तो लागतो. तुमच्याशी बोलल्याबद्दल कोणी दंड भरला असेल आणि पावती किंवा गावकीच्या वहीतल्या नोंदीचा फोटो मिळाला तर तो सोन्यासारखा जपा.

मग तक्रार लेखी द्या, तोंडी नको. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का, तारीख, सही. घेतच नाहीत म्हणाले तर वाद घालत बसू नका, तीच तक्रार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हा रस्ता आहे, ठाण्यात नाही घेतलं तर एसपी, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पुढची मिटींग ठरल्याची कुणकुण लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना आधीच कळवा, अशी बैठक रोखायचा अधिकार त्यांना या कायद्याने दिलेला आहे. आणि तुमची वहिनी अनुसूचित जातीची असेल आणि तिला त्रास देणारे अनुसूचित जाती-जमातीतले नसतील तर ॲट्रॉसिटी कायदाही लागतो, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्काराचं कलम त्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट घातलंय. त्याची हेल्पलाईन १४५६६, टोल फ्री.

किती वर्षं लढायचं विचारलंत. तुमच्याच जिल्ह्यातलं सांगते. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोल्यांचा म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला, पण प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू देईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं आणि डिसेंबरमध्ये कोर्टात दावा टाकला, की तळं खाजगी आहे. त्या दाव्याचा शेवटचा निकाल हायकोर्टातून आला १७ मार्च १९३७ ला, आपल्या बाजूने. जवळपास दहा वर्षं तारखा, कागद, साक्षी, नकाशे. सत्याग्रहाचा फोटो आपल्या सगळ्यांना माहीत असतो, त्या दहा वर्षांची फाईल कोणाला आठवत नाही आणि मला ती फाईल तेवढीच मोठी वाटते. तुम्हाला दहा वर्षं लागू नयेत, तुमच्या कायद्यात आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा असं लिहिलंय. प्रत्यक्षात थोडं पुढेमागे होईल, पण पहिला कागद गेल्याशिवाय घड्याळ सुरूच होत नाही ना.

मी सोलापूरची, मुस्लिम, पुण्यात आयटीत जॉब. तीन महिने फ्लॅट शोधतेय. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की ब्रोकर म्हणतो सोसायटीत चालत नाही. एका मालकांनी तर टोकन परत केलं. तक्रार होते का?

होते पण अर्धीच, आणि मी तुला खोटी आशा देणार नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बाबतीत धर्म-जातीवरून अडवता येत नाही असं आहे, पण भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. खाजगी मालकाने धर्म बघून नाही म्हटलं तर त्याच्यावर थेट कारवाई करता येईल असा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा आपल्या देशात नाही. असा कायदा यावा म्हणून शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं, ते तिथेच राहिलं. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात घरमालकही येतो, आपल्याकडेही तसा कायदा हवा आणि तो मागितला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण ‘सोसायटीत चालत नाही’ हा भाग वेगळा. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, मालकाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवणं लागतं. एखाद्या सोसायटीने अमुक धर्माचा भाडेकरू नको असा ठराव केला असेल किंवा कमिटी अडवत असेल तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. अडचण अशी की त्यासाठी मालकाने तुझ्या बाजूने उभं राहायला हवं. त्यामुळे पुढच्या वेळी ब्रोकर असं बोलला की त्याला एवढंच सांग, सोसायटीचा ठराव मला लेखी दाखवा. बरेचदा ठराव नसतोच, ब्रोकर स्वतःच्या मनाने बोलत असतो. आणि हे वाचणाऱ्या दलित वाचकांसाठी, तुमच्या बाबतीत कायदा जास्त स्पष्ट आहे, १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत घर घ्यायला किंवा राहायला अडवणं हा गुन्हा आहे.

माझे मिस्टर सरकारी खात्यात ड्रायव्हर. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता साहेब म्हणतात राजीनामा द्या किंवा शिपाई म्हणून कमी पगारावर घेतो. घरात कमावणारे तेच एकटे. काय करू?

ताई, सगळ्यात आधी, कुठल्याही कागदावर सही करायची नाही. राजीनाम्यावर नाही, ‘स्वखुशीने’ असं लिहिलेल्या अर्जावर तर अजिबात नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०, पोटकलम ४ हे नीट लिहून ठेवा. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं काम द्यायचं, तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य म्हणजे त्याच्यासाठी तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत. ही साहेबांची मेहेरबानी नाही. जुन्या १९९५ च्या कायद्यातही हे होतं आणि कुणाल सिंग यांच्या केसमध्ये २००३ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, त्यांचाही पायच गेला होता आणि त्यांनाही घरी बसवलं होतं.

मिस्टरांचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. मग खात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, प्रत्येक सरकारी आस्थापनेत असा अधिकारी नेमलेला असायला हवा आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. नाहीच झालं तर राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, त्यांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. वकील नंतर बघू, आधी हा अर्ज जाऊ दे.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला फी किती, वकील लागतो का? पोलिसांनी माझ्या मुलाला विनाकारण रात्रभर बसवून ठेवलं होतं.

फी नाही, वकीलही लागत नाही. राज्य आयोगाचं ऑफिस मुंबईत आहे. दोन गोष्टी मात्र बघा. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची, नंतर आयोग घेत नाही. आणि आयोग मुख्यतः सरकारी नोकराने केलेल्या किंवा दुर्लक्ष करून होऊ दिलेल्या हक्कभंगाचं बघतो, तुमच्या मुलाचं त्यात बसतं. आयोग भरपाईची आणि कारवाईची शिफारस करतो, कोर्टासारखी शिक्षा देत नाही. मुलाला कधी नेलं, कधी सोडलं, त्या वेळी कोण हजर होतं, मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद, एवढं जोडा. सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा वेगळा अर्ज आजच त्या ठाण्यात आणि एसपी किंवा आयुक्तालयात द्या, फुटेज कायम राहत नाही. तक्रार मराठीत लिहिली तरी चालते.