विषय नको, प्रश्न दे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अकरावीच्या निम्म्या वर्गाने पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' एकाच क्रमाने, एकाच शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवून आणलं, म्हणून तू चिडली आहेस. मुलांवर चिडू नकोस. आपण त्यांना विषय देतो, किती पानं हवीत ते सांगतो, मुखपृष्ठ रंगीत करायला लावतो. मुलं पानं भरतात. त्यांना प्रश्नच पडलेला नसतो, तर उत्तर शोधायला ती जातील कशाला?

यंदा विषयांची यादी फळ्यावर लिहूच नकोस. पहिला महिना नुसता प्रश्न घडवण्यात जाऊ दे. 'पाणीटंचाई' हा प्रश्न नव्हे. 'आमच्या गावाला पाणी का पुरत नाही?' हा प्रश्न आहे, पण सोळा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचा. '२०११ च्या जनगणनेत आमच्या गावापुढे पिण्याच्या पाण्याची जी साधनं नोंदली आहेत, त्यातली आज कोणती चालू आहेत?' इथे मात्र मूल चप्पल घालून बाहेर पडतं. जिल्हा जनगणना पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, त्यात गाववार तक्ते असतात. तक्ता वाचायला शिकवण्यात एक अख्खी दुपार घाल, कारण रकाने बघून मोठी माणसंही गांगरतात. मग मुलांना गावातल्या विहिरी, हातपंप, नळ पाहून येऊ दे. तक्ता आणि गाव बहुधा जुळणार नाही. खरं काम तिथून पुढे. नोंदच चुकली होती, की मधल्या काळात हातपंप बंद पडला? तू उत्तर सांगू नकोस. तुला माहीत असलं तरी नको.

उत्तरासाठी मुलांना म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागेल. तेही शिकवावं लागतं. 'आजी, ही विहीर किती साली खणली?' असं विचारलं तर 'कोण जाणे बाबा' एवढंच हाती लागतं. 'बहात्तरच्या दुष्काळाआधीची की नंतरची?' म्हटलं की आजी खणणाऱ्यांची नावंसुद्धा सांगते. लातूर-धाराशिवकडे 'किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी होती का?' असं विचारावं. तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, म्हणजे आठवणीला तारीख मिळाली. तोच प्रश्न दुसऱ्या घरीही विचारायचा. उत्तरं वेगळी आली तर मुलं एक खोडायला बघतील, कारण परीक्षेत बरोबर उत्तर एकच असतं. खोडू देऊ नकोस. दोन्ही लिहायची आणि कुठलं जास्त पटतं, का पटतं, तेही.

'नेटवर मिळालं' हे उत्तर चालवून घेऊ नकोस. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हे विचारतच राहा. त्यासाठी मराठी विश्वकोश उत्तम आहे. तो ऑनलाइन आहे, जबाबदारीने लिहिलेला आहे, पण पहिला खंड १९७६ चा. एखाद्या शहराची नोंद उघडली तर लोकसंख्येपुढे कंसात १९७१ किंवा १९८१ दिसतं. चांगला संदर्भसुद्धा जुना होतो, हे मुलांना त्या कंसावरून लगेच कळतं. विकिपीडिया वाचू दे, पण लेखाखालचे संदर्भ उघडायला लाव. चॅटजीपीटीवर बंदी घालण्यात अर्थ नाही. त्याने दिलेला आकडा मूळ कागदात सापडला तरच वहीत जाईल, एवढा नियम कर. तो कडक पाळ.

वहीच्या डाव्या पानावर पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं, तारीख आणि ठिकाणासकट. उजव्या पानावर स्वतःचा अंदाज. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की प्रकल्पाचा निबंध होतो.

शास्त्र शाखेच्या मुलांना विहिरीची पातळी मोजू दे. दोरीला वजन, काठावर एकच पक्की खूण, पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वेळी, आणि पंप नुकताच चालून गेलेला नसावा. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. आपले आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील. एकट्या मुलाला विहिरीवर पाठवू नकोस.

पालक विचारतील, सीईटीच्या तोंडावर ही थेरं कशाला? त्यांचंही अगदीच चूक नाही. म्हणून हे अकरावीतच उरक, बारावीत नको, आणि ज्याचं सगळं चित्त नीटवर आहे त्याच्या मागे लागू नकोस. पण नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट असतो, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. तिथे मार्गदर्शक पहिल्याच भेटीत विचारतात, 'तुझा प्रश्न काय?' आपल्या तालुक्यातली हुशार मुलं तेव्हा खाली बघतात. ते मला सलतं.

गुण निष्कर्षाला कमी दे, शोधाला जास्त. 'ही माहिती मिळाली नाही. अमुक दोन ठिकाणी विचारलं, असं उत्तर आलं' हे पान गोड निष्कर्षापेक्षा मोलाचं धर. तीनपेक्षा मोठा गट करू नकोस, नाहीतर काम एकीच्या गळ्यात पडतं.

आणि मुलांना ग्रामपंचायतीत पाठवण्याआधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन तू स्वतः ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून ये. कुठली नोंदवही बघायची आहे ते पत्रात नाव घालून लिही. नुसतं 'माहिती मिळावी' असं लिहिलंस तर मुलं 'उद्या या' ऐकून परत येतील.