नाण्यांच्या धंद्यात न विकला गेलेला माल किती दिवस ठेवावा?

सहा महिन्यांत नाणं गेलं नाही तर येईल त्या भावात काढून टाकायचं, असं तुम्हाला एका जुन्या डीलरने सांगितलं आणि ते खरं का, असं विचारलंय. माझ्या मते काही मालाला सहा महिने फार जास्त होतात आणि काही मालाला फारच कमी. मी पुण्यात हाच धंदा करतो, प्रदर्शनात टेबल लावतो, व्हॉट्सॲपवर पण विकतो, तर रोज जे बघतो ते सांगतो.

चांदीचे कॉमन रुपये, म्हणजे घासलेला 1862 चा व्हिक्टोरिया, पाचव्या जॉर्जचे 1917, 1918 वगैरे, हे दोन-तीन आठवड्यांच्या वर ठेवूच नका. 11.66 ग्रॅमच्या त्या रुपयात शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम, भाव ठरतो सराफ बाजारात, आपल्या हातात काही नसतं. एप्रिल 2011 मध्ये चांदी किलोला 70 हजारांच्या वर होती आणि 2015 संपताना 35 हजारांच्या आत आली, त्यात ज्यांनी चढेल चढेल म्हणून माल दाबून ठेवला त्यांचं भांडवल वर्षानुवर्षं अडकलं. आता कोणी म्हणेल की 2025 मध्ये चांदी लाखाच्या पार गेली, मग थांबले ते जिंकलेच ना! पण तेवढी वर्षं दुकानाचं भाडं कशातून दिलं असतं? ज्याला चांदीत गुंतवणूक करायची त्याने ती वेगळ्या पैशातून करावी, धंद्याच्या पैशातून नको. (आणि 1940 ते 45 च्या रुपयात चांदी निम्मीच असते, तो ढीग वेगळाच ठेवा.)

कॉमन मालाचा लॉट, म्हणजे एकगठ्ठा ढीग, काढायच्या आधी मात्र एकदा भिंग घेऊन बसा. 1862 हेच साल टाकसाळींनी 1874 पर्यंत चालू ठेवलं होतं, त्यामुळे त्या रुपयांत ठिपक्यांच्या संख्येवरून ओळखायच्या बऱ्याच व्हरायटी आहेत आणि त्यातल्या काही खरंच कमी मिळतात. लॉटमध्ये गेलेलं असं नाणं परत येत नाही.

मधला माल, म्हणजे चांगल्या ग्रेडचे पण सहज मिळणारे पीस, नेहमीच्या शिवराया (मराठा काळातली तांब्याची नाणी), टाकसाळीने संग्राहकांसाठी काढलेले प्रूफ सेट, यांना तुमच्या त्या डीलरचे सहा महिने बरोबर लागू पडतात. हिशोब करून बघा. 10 हजारांचं नाणं तीन वर्षं ठेवून 14 हजारांना गेलं तर 40 टक्के सुटले असं वाटतं. तेच 10 हजार दर वेळी 8 टक्के नफ्यावर वर्षातून चार वेळा फिरले तर एका वर्षात 13,600 होतात, टेबलाचा खर्च वजा करा तरी पहिल्यापेक्षा बरंच. खरेदीचा भाव विसरा आणि स्वतःला एवढंच विचारा की आज हेच नाणं समोर आलं तर मी कितीला घेईन, त्याच्या थोडं वर कोणी देत असेल तर देऊन टाका.

रेअर मालाचं मात्र सगळं वेगळं. 1939 चा रुपया किंवा चांगला अंकुशी, चांदोरी (हे मराठा टाकसाळींचे चांदीचे रुपये) यांचं गिऱ्हाईक मोजकंच असतं. शंभर वर्षांच्या वरचं नाणं 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यामुळे आपल्याला देशाबाहेर विकता येत नाही, म्हणजे अशा जुन्या नाण्याचं जे काही गिऱ्हाईक आहे ते इथलंच, आणि मराठा टाकसाळींचं तर बरंचसं महाराष्ट्रातलंच. प्रत्येक प्रदर्शनात तेच चेहरे येतात हो! तेच नाणं तिसऱ्यांदा ट्रेमध्ये दिसलं, वर दर वेळी भाव थोडा उतरलेला, की लोक म्हणतात यात काहीतरी खोट असणार, आणि मग चांगला पीस पण पडेल होऊन बसतो. म्हणून दोन प्रदर्शनांत गेला नाही तर मी तो आत ठेवतो, वर्षभर ग्रुपवर फोटो सुद्धा टाकत नाही. भाव उतरवण्यापेक्षा हा आराम जास्त कामाला येतो. असा माल पाच वर्षं राहिला तरी बिघडत नाही, फक्त तो स्वतःच्या पैशाचा पाहिजे, व्याजाने पैसे काढून रेअर नाणं घेतलं असेल तर पहिल्या बऱ्या ऑफरला सोडा.

ठेवायचंच तर नीट ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पानांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तांबं तर फारच लवकर खराब होतं, आणि मग साफ केलेलं नाणं म्हणून भाव अजून खाली येतो. पीव्हीसी नसलेले होल्डर, हवाबंद डबा, सिलिका जेल, एवढं केलं तरी पुष्कळ. तांब्याचे पीस दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बघायचेच.

आणि एकाच प्रकारचे चार-पाच रेअर पीस असतील तर सगळे एका ऑक्शनला देऊ नका, घेणारे तेवढेच असतात, दुसऱ्या पीसपासूनच बोली खाली येते. एक या ऑक्शनला द्या, दुसरा पुढच्या वर्षी.