ग्वांगझोऊला पीएचडीला जाण्याआधी

तुमचा प्रश्न असा: एम.फार्म. झालंय, इन्फ्लुएन्झाने फुफ्फुसांना होणाऱ्या इजेवर चिनी वनौषधींचे काढे उंदरांमध्ये तपासण्याच्या कामासाठी चीनमधल्या ग्वांगझोऊहून पीएचडीची जागा आली आहे, तर जावं का? मी याच शहरात, याच विषयात काम करतो.

माझ्या मते जावं. पण होकार कळवण्याआधी प्राध्यापकांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: उंदरांना काढा संसर्गाआधी सुरू करता की नंतर? पुष्कळ प्रयोगांत तो आधीपासून पाजतात, मग आकडे सुंदर दिसतात. माणूस मात्र ताप आल्यावर डॉक्टरकडे येतो. संसर्गानंतर २४-४८ तासांनी काढा सुरू करूनही फुफ्फुस वाचलं, तरच त्या निकालाला वजन आहे.

रोजचं काम सांगतो. बहुतेक ठिकाणी पीआर८ हा १९३४ चा, उंदरांत रुळवलेला फ्लूचा विषाणू वापरतात. हलकी भूल देऊन नाकात थेंब सोडायचे. दोन-तीन दिवसांत उंदीर पाठ वाकवून बसतो, अंगावरचे केस पिंजारतात, वजन उतरतं. रोज वजन करायचं आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे, साधारण २० ते २५ टक्के उतरलं, की त्याला वेदनेविना संपवायचं. हे मनाला जड जातं आणि जायलाच हवं. पुढे फुफ्फुसाचं वजन, सुजेची तपासणी, विषाणूची मोजणी. सूज आणि विषाणू दोन्ही मोजतात ना, हे बघा. काढ्याने सूज उतरते आणि विषाणू तेवढाच राहतो, असंही होतं, आणि तो वेगळा निष्कर्ष आहे.

आता उंदराच्या नुसत्या वजनावर का विसंबू नये? माशिंग शिगान या जुन्या चिनी काढ्यात माहुआंग (एफेड्रा ही वनस्पती), कडू जर्दाळूच्या बिया, जिप्सम आणि आपलं ज्येष्ठमध असतं. माहुआंगमधल्या एफेड्रिनने भूक मरते, म्हणजे वजन औषधानेही घटू शकतं. म्हणून निरोगी उंदरांना फक्त काढा देणारा गट हवा, ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या नेहमीच्या औषधाचा गट हवा, आणि फुफ्फुसाच्या स्लाइड वाचणाऱ्याला कोणती कुठल्या गटाची हे माहीत नको. काढ्याच्या प्रत्येक बॅचचं एचपीएलसी, म्हणजे त्यातले घटक मोजणारी चाचणी, करतात का, तेही विचारा.

प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांत एमएक्स१ हे विषाणूरोधक जनुक निकामी असतं, त्यामुळे ते फ्लूने फार लवकर खचतात. माणसांवरचा पुरावा वेगळा बघावा लागतो. २०११ मध्ये ४१० रुग्णांवरची चिनी चाचणी प्रसिद्ध झाली. माशिंग शिगान आणि यिनचियाओसान या दोन जुन्या काढ्यांच्या मिश्रणाने ताप उतरायला १६ तास लागले, उपचाराविना २६. पण त्यात प्लासिबोचा, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही देण्याचा, गट नव्हता. असे प्रश्न उघडपणे मांडू देणारी लॅब मिळाली, तर शिष्यवृत्ती थोडी कमी असली तरी चालेल.

कागदपत्रं: पदवीवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, शेवटी चिनी दूतावासाचं. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल (परदेशात थेट चालणारा शिक्का) मानतो, पण भारत आणि चीनमध्ये ती सोय लागू नाही. एक्स१ या दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करा. वुईचॅट आणि अलीपे या निरोप आणि पैशांच्या अ‍ॅपशिवाय इथे पान हलत नाही. लॅबच्या बैठका चिनीत होतात, त्यामुळे भाषा निघण्याआधीच सुरू करा.

प्राध्यापकांनी प्रयोगाचा आराखडा पाठवला, तर इथे टाका. गट आणि मात्रा मी तपासून देतो.