कॅमेऱ्याची फिल्म धुण्याबद्दल थोडं

फिक्सर (चित्र कायम करणारं रसायन) वापरून झाला की टँक, म्हणजे फिल्मचा डबा, नळाखाली अर्धा तास सोडून देतोस, ते आधी बंद कर. इल्फर्ड या फिल्म कंपनीची पद्धत वापर: पाणी भरून टँक 5 वेळा उलटासुलटा, पाणी फेक, नव्या पाण्यात 10 वेळा, मग पुन्हा नव्यात 20 वेळा. झालं. फिक्सर मात्र हार्डनर (फिल्मवरचा थर कडक करणारं रसायन) नसलेला हवा.

खरी डोकेदुखी पाण्याच्या तापमानाची. मे महिन्यात नाशकात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, तर थंडीत सकाळी बोटं बधिर होतात. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) 20 अंशांवर आणि धुवायला असलं पाणी, तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात. लागेल तेवढं पाणी बादलीत आधीच काढ, थर्मामीटर बुडव; उन्हाळ्यात बर्फाची बंद पिशवी, थंडीत तांब्याभर गरम पाणी. 5 अंशांपेक्षा जास्त फरक नको. पावसाळ्यात पाणी गढूळ दिसलं तर गाळूनच घे. शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकून.

आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावरच्या, प्रिंटला वाहत्या पाण्यात 2 मिनिटं पुरेत; फार भिजला तर कडांतून पाणी शिरतं. फायबर पेपर (असा थर नसलेला कागद) मात्र हायपो, म्हणजे फिक्सरमधलं रसायन, धरून ठेवतो. त्याला तासभर दे, नाहीतर मध्ये 10 मिनिटं सोडियम सल्फाइटच्या पाण्यात ठेव, वेळ बराच वाचतो. दुकानात सल्फेट नव्हे, सल्फाइटच माग.