कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी

भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आर्वीकडचा चौघांचा रॉक बँड, गिटार-ड्रमसोबत खंजिरी, पाच वऱ्हाडी गाणी नागपूरच्या स्टुडिओत स्वतःच्या खर्चानं रेकॉर्ड केलेली. आता एक कंपनी पाचही गाण्यांचे एकरकमी चाळीस हजार देतो म्हणते आणि सही करावी का, हे तुम्ही विचारताय. आहे त्या कागदावर करू नका.

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चालीचा एक, रेकॉर्डिंगचा दुसरा. रेकॉर्डिंगचा हक्क ते काढणाऱ्याचा, म्हणजे ज्यानं पैसा लावला त्याचा. तुमच्या बाबतीत तो पैसा तुमचाच आहे, म्हणून मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, तेही तुमचंच. कंपनीनं स्टुडिओचा खर्च केला असता तर मी वेगळं बोललो असतो. इथं तयार पीक कापून न्यायला आलेत.

तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या कलमात 'कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' असं आहे. हे कलम सगळ्यात घातक. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं टिकतो, शब्द-चालीचा तर ते रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं. ते सगळे एका सहीत जातील. कागदावर मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपनी 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आवर्जून घालते. तुम्ही तीन किंवा पाच वर्षांचं लायसन्स द्या, मालकी देऊ नका. हे एक ऐकलंत तरी बाकीचं सांभाळता येईल.

दुसरी गोष्ट पोट्ट्यांना कोणी सांगत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. सिनेमाबाहेरच्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडूनच देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. कागदावर 'रॉयल्टी मागणार नाही' असं लिहून घेतलं तरी ते रद्दबातल. तुमच्यात शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा जो असेल त्यानं आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यावं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही कॉपीराइट सोसायटी १९६९ पासून आहे. आणि कोणतं गाणं कोणाचं, हे चौघांनी आत्ताच, दोस्ती शाबूत असताना लिहून ठेवा.

लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, वाईटच असतं असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडकडे बघा. पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीकडून आला. २००० साली 'कंदिसा' टाइम्स म्युझिकनं काढला आणि देशभर पोचला. कॅसेट-सीडी दुकानादुकानात पोचवायची तर कंपनीच लागायची. पण २०१० मध्ये त्याच बँडनं '१६/३३० खजूर रोड' या अल्बमची गाणी एकेक करून इंटरनेटवर फुकट दिली. गाणं आपल्या हातात असलं की असा निर्णय घेता येतो, हे मला त्यांच्याकडून फार मोलाचं वाटतं. आज वितरण आर्वीत बसूनही होतं. मग कंपनीला विचारा: चाळीस हजारांपलीकडे काय करणार? कार्यक्रम लावणार? व्हिडिओवर किती खर्च? उत्तर कागदावर मागा. तोंडी आश्वासनावर आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या कॅसेट गेल्या, आणि आता तीच गाणी यूट्यूबवर दुसऱ्याच्या नावानं वाजतात.

एक जागा मात्र कंपनीआधी तुम्हीच तपासा. पाचवं गाणं तुकडोजी महाराजांच्या भजनावर आहे असं लिहिलंय. दंडारीतलं पारंपरिक गाणं असतं तर प्रश्न नव्हता. पण महाराजांचं निर्वाण १९६८ चं, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत चालतो. ज्यांच्याकडे तो हक्क आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. चौकशी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमापासून सुरू करा, आर्वीहून फार लांब नाही. परवानगी येईपर्यंत ते गाणं बाजूला ठेवून चारच गाण्यांचं बोलणं करा. कंपनीचा सुधारित मसुदा आला की नावं झाकून इथं टाका, मी कलमवार वाचून देतो.