निकषांआधी साल बघ

प्रिय,

आहारविकारांच्या निदानाचा इतिहास अभ्यासायला घेतला आहेस, तर एक सवय आधी लावून घे. शोधनिबंधात ‘अ‍ॅनोरेक्सिया’ (खाणं टाळून वजन धोकादायक पातळीला नेणारा आजार) हा शब्द आला की तो कोणत्या सालचा आहे ते बघ, मग त्या काळी लागू असलेले निकष काढ. शब्द तोच राहिला, पण त्यात कोणाला धरायचं हे पुन्हा पुन्हा बदलत गेलं.

सुरुवात रिचर्ड मॉर्टन या इंग्लिश वैद्यापासून कर. १६८९ च्या क्षयावरच्या ग्रंथात त्याने दोन रुग्ण नोंदवले: १८ वर्षांची मुलगी आणि १६ वर्षांचा मुलगा. मुलीचं वर्णन सावकाश वाच. ताप नाही, खोकला नाही, धाप नाही. अंग थंड, पाळी बंद, आणि हाडांवर नुसती कातडी. औषधांना कंटाळून तिने उपचार सोडले आणि काही महिन्यांत ती गेली. मुलगा बराच सुधारला. पहिल्याच नोंदीत मुलगा आहे, तरी पुढे हा मुलींचाच आजार मानला गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

१८७३ मध्ये लंडनला गल आणि पॅरिसला लासेग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हा आजार मांडला. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ म्हणजे भूक नसणे. हे नावच चुकीचं आहे, कारण भूक बहुतेक वेळा असते, ती दाबली जाते. १९१४ मध्ये सिमंड्स या जर्मन डॉक्टरने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी नष्ट झाल्याने येणारी क्षीणता दाखवली आणि पुढची कित्येक वर्षं दोन्ही आजारांची गल्लत झाली.

आता आकडे. १९७२ च्या फायनर निकषांत (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी संशोधनासाठी केलेल्या) २५ टक्के वजनघट हवी होती आणि सुरुवात पंचविशीच्या आत. १९८० च्या डीएसएम-३ ने (डीएसएम म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका) २५ टक्के ठेवले. १९८७ मध्ये ते अपेक्षित वजनापेक्षा १५ टक्के कमी असं झालं, पण सलग तीन पाळ्या चुकण्याची अट आली. म्हणजे उपासमारीतही जिची पाळी चालू राहिली, ती निदानाबाहेर. ही अट २०१३ ला, डीएसएम-५ मध्ये गेली.

बुलिमिया नर्व्होसा, म्हणजे अनावर खाऊन मग उलट्या वगैरे करून ते भरून काढण्याचा आजार, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रसेलने १९७९ मध्ये ओळखला. त्यासाठी डीएसएममध्ये १९८७ पासून आठवड्यातून दोनदा, तीन महिने, अशी वारंवारतेची अट होती. २०१३ मध्ये ती एकदावर आली. नुसत्या अनावर खाण्याचं वर्णन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ स्टंकार्डने १९५९ लाच केलं होतं. त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळायला २०१३ उजाडलं. तोवर असे रुग्ण ‘इतर’च्या खात्यात जात. १९९४ नंतर ते खातंच सगळ्यात मोठं झालं, आणि उरलेल्यांसाठी केलेला वर्गच भरून वाहत असेल तर दोष निकषांचा.

म्हणून १९८५ चं प्रमाण २०१५ च्या शेजारी ठेवून ‘आजार वाढला’ असं लिहू नकोस. वाढ खरी असेलही, पण अटी किती सैल झाल्या हे आधी वजा करायला हवं.

रुग्णासमोर बसशील तेव्हाही वजनाच्या एका आकड्यावर विसंबू नकोस. वजन मुळात जास्त असलेली व्यक्ती झपाट्याने उतरली, तर काट्यावर ती ‘ठीक’ दिसते, पण नाडी मंद असू शकते आणि उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो. उलट्या होत असतील तर पोटॅशियम आणि ईसीजी बघ. पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचा ठोका चुकतो. दीर्घ उपासानंतर खाणं सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत फॉस्फेट घसरतं, तेव्हा ते रोज तपासून घे.

टिपणासाठी तक्ता करशील तेव्हा साल, वजनाची अट, पाळीची अट आणि वारंवारता यांच्याशेजारी पाचवा रकाना ठेव: या अटींमुळे बाहेर कोण राहिलं. तो आधी भर.