लाल टोपणाची सिरिंज

चि. सिस्टर,
अनेक आशीर्वाद.

औषध देतानाचे 'पाच राइट' तुला पाठ असतीलच: रुग्ण, औषध, डोस, मार्ग, वेळ. परीक्षेला तेवढं पुरतं. रात्रपाळीत तीस खाटा आणि दोनच सिस्टर असताना हात नेमका कुठे चुकतो, ते सांगते.

आधी इन्सुलिन. आपल्याकडची व्हायल (औषधाची छोटी बाटली) बहुधा मिलीला ४० युनिटची, इन्सुलिन पेनमधलं कार्ट्रिज मिलीला १०० युनिटचं. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. रुग्णाने घरून पेन आणलं, त्याची सुई मिळेना, म्हणून कुणी लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर ते अर्धा मिली भरतं. म्हणजे ५० युनिट, अडीचपट! पहाटे शुगर घसरून रुग्ण घामाने डबडबलेला असतो आणि आपल्याला वाटतं गाढ झोपलाय. उलट चूक जास्त फसवी. नारिंगी सिरिंजने ४० च्या व्हायलमधून '२०' घेतले तर जातात फक्त ८. शुगर उतरत नाही, राऊंडला डोस वाढतो, आणि पुढच्या पाळीतली सिस्टर बरोबर सिरिंज घेऊन तो वाढीव डोस पुरा देते. म्हणून पेनमधून सिरिंजने कधीही ओढायचं नाही, आणि सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला नाही. चार्टवर '4U' घाईत 40 दिसतं. 'युनिट' पूर्ण लिहून घे, डॉक्टर कितीही वैतागले तरी.

मग पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अँप्युलमध्ये (कुपीत) २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). पाण्यासारखं दिसतं आणि डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलं की घात होतो: थेट शिरेत पुश केलं तर हृदय थांबतं. ते वॉर्डाच्या रोजच्या ट्रेमध्ये नकोच. वेगळ्या कप्प्यात, कुलपात, लाल लेबल लावून. टांगलेल्या सलाईनमध्येही टाकू नकोस. ते जड असल्याने तळाशी, नेमकं नळीच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत दाट औषध आत जातं. बाटली खाली उतरव, औषध टाक, आठ-दहा वेळा उलटीपालटी कर, लेबल लाव, मग टांग. हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही. जास्त लागलंच तर मॉनिटर लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि सुरू करण्याआधी लघवी होते आहे ना, ते बघ.

या दोन्हींना दुसऱ्या सिस्टरची तपासणी हवी. "हे बघ गं, बरोबर आहे ना?" असं विचारलंस तर ती 'हो'च म्हणणार. तिने केसपेपर पाहून हिशोब आपला आपण करावा, मग दोघींचे आकडे ताडायचे.

उशीखालच्या पिशवीकडे फारसं कुणी बघत नाही. त्यात घरच्या गोळ्या असतात. चार्टवर रक्तदाबाचं अ‍ॅम्लोडिपिन एका ब्रँडने, पिशवीत दुसऱ्या ब्रँडने, आणि नातेवाईक प्रेमाने दोन्ही देतात. भरती होतानाच पिशवी उघड, स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाच आणि कोणती चालू, कोणती बंद, हे डॉक्टरांकडून लिहून घे. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट दिसलं तर विशेष सावध राहा: ते आठवड्यातून एकदाच असतं. चार्टवर 'रोज' उतरलं तर अस्थिमज्जेवर बेततं. वार लिहून घ्यायचा.

फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखव. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखंच ऐकू येतं, म्हणून 'वन-फाइव्ह' म्हणायचं.

सही औषध दिल्यावर, आधी नाही. चूक झालीच तर आधी रुग्णाकडे धाव, नाडी, बीपी, शुगर बघ, डॉक्टरांना बोलव. फॉर्म नंतर भरता येतो. रिकामं अँप्युल आणि सिरिंज मात्र फेकू नकोस. नेमकं काय आणि किती गेलं, हे त्यांच्यावरूनच कळतं.

तुझी,
सीनियर सिस्टर